हात टिकेल तोवर

"म्हाताऱ्या मशीनला पोरासारखं पळवतोस रे," चांगू लेथवर वाकून पुटपुटला, ते शेजारी तेलाची बुधली भरणाऱ्या त्याच्या बायकोने, चंद्राबाईने ऐकलं. महाडच्या एका कारखान्याचं नवं काम मिळावं म्हणून त्यांच्या मुलाने, दीपेशने पुली बदलून लेथचा वेग वाढवला होता. या जुन्या मशीनला बॉल बेअरिंग नव्हतं, स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरता दांडा, नुसत्या गनमेटल धातूच्या कड्यात, बुशमध्ये फिरायचा. बुश फार तापला तर स्पिंडल जागीच अडकणार, आणि घर चालवणारं एकुलतं मशीन कायमचं बसणार.

चांगूने नेहमीसारखा बुशवरच्या लोखंडी टोपीवर तळहात ठेवला. हात टिकतो तोवर चालवायचं, चटका बसला की बंद करायचं, हा त्याचा कायदा.

"थंड हाय रे," तो स्वतःच चकित होऊन म्हणाला. "टाक पट्टा अजून पुढं."

दीपेशने मशीन थांबवून पट्टा आणखी वेगाच्या पुलीवर टाकला आणि ते पुन्हा चालू केलं. थोड्याच वेळात तेल करपल्याचा वास सुटला. दीपेशने आईकडे पाहिलं, आईने बुधलीकडे. डॉक्टरांनी चांगूला साखरेचा आजार सांगितल्याला बरीच वर्षं झाली होती. हल्ली चंद्राबाई नवऱ्याला चहा निववूनच देई, आणि का ते घरात कोणी बोलत नसे.

"थंडच हाय," टोपीवर पुन्हा तळहात ठेवून चांगू म्हणाला. त्याच्या बोटांमधून धूर येत होता.

चंद्राबाईने मशीन बंद केलं, त्याचं मनगट धरलं आणि हात उचलून उलटा केला. तळवा भाजून लालभडक झाला होता.


"अवो, मशीन कवाचं तापलंय. तुमच्या हाताला कळत नाय आता."