गप्प बसण्याची पद्धत

हाल्वदान मास्तरांचं बोलून झालं, त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि कोणीच उठेना.

सभागृह गच्च भरलं होतं. बेटावर पाद्रीशिवाय होणारा हा पहिलाच अंत्यविधी. तो असतो तरी कसा, हे बघायला इंग्वाल्डशी जन्मात धड बोलली नव्हती अशी माणसंही काळे कपडे इस्त्री करून आली होती. शवपेटीवर क्रूस नव्हता, इंग्वाल्डच्याच परसातली फुलं होती. अकॉर्डियन वाजून झालं होतं, कविता वाचून झाली होती. इंग्वाल्ड बोटींची इंजिनं कशी दुरुस्त करायचा आणि ती करताना मालकाला काय काय ऐकवायचा, हे मास्तरांनी सांगितलं तेव्हा मागच्या रांगांतून हसूही आलं होतं. ते चालतं की नाही याची खात्री नसल्यामुळे जरा दबकत.

पण आता पुढे काय?

चर्चमध्ये हा प्रश्न येत नाही. तिथे पाद्री आशीर्वाद देतो, वर घंटा वाजते आणि माणसाला कळतं की आता गुडघे सरळ करायला हरकत नाही. इथे घंटा नव्हती. भिंतीवर बिंगोचा फळा होता, तो चादरीनं झाकलेला.

पहिल्या रांगेत इंग्वाल्डची बायको गुडवेग ताठ बसली होती. ती स्वतः दर रविवारी चर्चला जाणारी. तिचं देवाशी काही वाकडं नव्हतं. पण इंग्वाल्ड देवधर्म न मानणाऱ्या मानवतावादी संघटनेचा बेटावरचा एकुलता एक सभासद, आणि आपल्या अंत्यविधीला पाद्री नको, असं त्यानं तिच्याकडून वचन घेऊन ठेवलं होतं. शेजारी तिची नणंद पेत्रा. ती परवाच गुडवेगच्या स्वयंपाकघरात उभी राहून बोलून गेली होती, "मांजर पुरतात तसं पुरणार तू माझ्या भावाला. खड्डा, माती, झालं. लोकं काय म्हणतील ते सोड. मी काय म्हणेन ते विचार." तेव्हापासून गुडवेगच्या डोळ्याला डोळा नव्हता. आज काही उणं दिसलं, तर बेट लहान होतं आणि पेत्राची तब्येत उत्तम होती.

मास्तर मुख्य भूमीवरून आले होते. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. संघटनेनं त्यांना रीतसर प्रशिक्षण दिलं होतं: उभं कसं राहायचं, सावकाश कसं बोलायचं, वरच्या जगाबद्दल कसलंही आश्वासन कसं द्यायचं नाही. माणसांना खुर्चीवरून उठवायचं कसं, हे राहून गेलं होतं. लोकांच्या खाली घातलेल्या माना बघून त्यांना वाटलं, दुःखात आहेत, मध्ये बोलू नये. त्यांची खाली घातलेली मान बघून लोकांना वाटलं, यांच्यात असंच असतं.

मग सगळ्यांनी हळूच तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथे पाद्री लुंदे करड्या स्वेटरमध्ये बसले होते. ते उठले की उठायचं, ही बेटाची लहानपणापासूनची सवय. लुंदेंना ते पुरतं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते बुटांकडे बघत बसले. आपण उठलो तर म्हणतील, बघा, इथेही चर्च मध्ये आलंच.

कोणी तरी खोकला, आणि यांच्यात खोकलेलं चालतं की नाही अशी शंका येऊन अर्ध्यावर थांबला. कोणाचं तरी पोट गुरगुरलं. मग हळूहळू पायांची चुळबुळ थांबली. बाहेर दोरी झेंड्याच्या खांबावर आपटत होती, तो आवाज ऐकू यायला लागला. आठवडाभर कपबशा मोजणाऱ्या आणि पेत्राला भिणाऱ्या गुडवेगनं पहिल्यांदाच शवपेटीकडे नीट पाहिलं. तिचे खांदे खाली आले. पेत्रा पर्समध्ये रुमाल शोधायला लागली. तो सापडेना, तेव्हा तिनं न विचारता गुडवेगचाच घेतला.

तेवढ्यात धक्क्यावर फेरीबोटीनं भोंगा दिला. त्या भोंग्याला बेटावरची माणसं झोपेतूनही उठतात. सगळे एकदम उभे राहिले. सहा जण पुढे झाले आणि इंग्वाल्ड निघाला.

स्मशानातून परत आल्यावर सभागृहात कॉफी होती. मास्तर कप हातात धरून कोपऱ्यात माफीची जुळवाजुळव करत होते. विधीच्या शेवटी जो घोळ झाला तो सर्वस्वी आपला, हे बाईंना सांगायलाच हवं होतं. पण आधी पेत्राच आली. हातात लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या पोळ्यांचं ताट, आणि मागे गुडवेग.

"मास्तर, ते शेवटचं गप्प बसणं," पेत्रा म्हणाली. "तुमच्यात ते नेहमी एवढा वेळ असतं का?"

मास्तरांनी तोंड उघडलं. जे खरं नाही ते बोलायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यांची संघटना उभी होती. गुडवेगचा हात साखरेच्या भांड्यावर थांबला होता.

"माणसागणिक असतं," ते म्हणाले.

पेत्रानं मान डोलावली. आपण काही चर्च सोडायचो नाही, पण आपल्या वेळी हे मध्ये बसवता येईल का ते पाद्रीबाबांना विचारून ठेवू, असं तिनं सांगितलं. "अगं, खा काहीतरी, सकाळपासून उपाशी आहेस," म्हणत गुडवेगच्या बशीत दोन पोळ्या ठेवल्या आणि तिला हाताला धरून आपल्या टेबलाकडे घेऊन गेली.

पाद्री लुंदे किटलीपाशी उभे राहून सगळं ऐकत होते. मास्तर त्यांच्याजवळ सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, की खरं तर ते काही ठरवलेलं नव्हतं.

"कळलं मला," लुंदे म्हणाले.

"मग त्यांना सांगायला नको?"

लुंदेंनी कॉफीवर फुंकर घातली.

"आमच्यातलंही बरंचसं असंच सुरू झालं असणार, मास्तर," ते म्हणाले. "कोणाला तरी उठायचं सुचलं नसेल."