येते मी

एकटीला निर्धास्त राहायला जागा हवी म्हणून देगलूरची तनुजा नांदेडात घरं बघत होती. ही गल्ली तिला पटली. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू, सगळं गावाकडल्यासारखं कानावर पडत होतं.

"इथं माणसं लई मिसळून ऱ्हातात," एजंट बजरंग म्हणाला.

खोल्या साफ रिकाम्या होत्या. तरी भरदुपारी दार ओढून घेताना सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "येते मी."

"ये," आतून कुणीतरी म्हणालं.

मग तेलुगूत "रा." मग कानडीत "बा." मग अगदी मायेनं, "आओ बेटी."

तिनं बजरंगकडं पाहिलं. तो 'भाड्याने देणे आहे'ची पाटी उतरवत होता.

"येते म्हणलात ना, ताई?"