पुतळ्याची नाडी

रुग्ण दगावला. तसं काही घडलंच नाही, असं डॉक्टरकीच्या वर्गाने जवळजवळ एकमताने ठरवलं; कारण रुग्ण रबरी पुतळा होता आणि गुण एकमेकांनाच द्यायचे होते. सगळ्यांनी सगळ्यांना दहापैकी दहा वाटले. वर्गातल्या चष्मिशने मात्र पुतळ्यावर उपचार करणाऱ्या आपल्या जिवलग मैत्रिणीला शून्य दिलं. “मदतीला कुणाला हाकच मारली नाहीस. मेला तो.” “अगं, रबरच ते.” “पुढचा रबराचा नसेल.” आठवडाभर अबोला. फेरपरीक्षेला मैत्रिणीने परीक्षक म्हणून चष्मिशच मागून घेतली. पुतळ्याची नाडी बुडाली, तशी मैत्रीण लगेच ओरडली, “धावा, मला एकटीला जमणार नाही.” चौघं धावले. नाडी दाखवणाऱ्या पडद्यावरची सरळ रेघ उड्या मारू लागली. चष्मिशची छाती पुतळ्यापेक्षा जास्त फुगली. तिने दहा गुण दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘रुग्ण ठणठणीत आहे. त्याला घरी सोडण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’