मुद्दाम लिस्बनला

मधुसूदन कॅनडात असतो आणि त्याला देशोदेशीच्या लढाऊ जहाजांचे फोटो काढायचा नाद आहे. ते फोटो झाशीत आईच्या फोनवर येऊन पडतात. गेल्या आठवड्यात अंबिकाबाईंनी त्याला सांगितलं, "बाबांनी अन्न सोडलंय रे. एकदा तोंड दाखवून जा."

"आई, रजाच शिल्लक नाही गं. होळीनंतर बघतो."

आज सकाळी नवा फोटो आला. एक म्हातारं, गंजून तांबडं झालेलं जहाज, आणि त्याला ओढून नेणाऱ्या दोन छोट्या बोटी. खाली मधुसूदनने लिहिलं होतं, 'मुद्दाम लिस्बनला आलोय. जन्मभर राबलेलं जहाज, आता तोडायला नेताहेत. थंडीत दिवसभर धक्क्यावर उभा होतो. शेवटचं बघायला तरी यायला नको?'

अंबिकाबाईंनी फोन अंथरुणावरच्या मार्तंडरावांसमोर धरला. तेवढ्यात शेजारचे तिवारीजी दारातून डोकावले.

"अम्माजी, भैया कब आ रहे हैं?"

अंबिकाबाई नुसत्याच पदराने फोनची काच पुसत राहिल्या.


मार्तंडराव हळूच म्हणाले, "अगं, आपल्या झाशीला समुद्र हवा होता."