तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

ड्रमच्या एका पात्याला केसाएवढा तडा गेला होता, आणि मिसबाहला तो चार दिवसांपासून दिसत होता.

केळीच्या खोडातून धागा काढायचं हे यंत्र उद्या धुळ्याच्या स्पर्धेत चालवायचं होतं. जळगावच्या कॉलेजातली शेवटच्या वर्षाची तिघांची टीम: मिसबाह, साक्रीचा प्रशील आणि लीडर भूषण. वेल्डिंग भूषणनं स्वतः केलेलं, महिनाभर मिरवलेलं. त्याचा तोरा काय सांगावा! हेडमास्तरासारखं हिरव्या शाईचं पेन वापरायचा, आणि त्याला कुणी हात लावला की डोळे वटारायचा. मागे मिसबाहनं एक माप चुकल्याचं सांगितलं, तर भर वर्कशॉपमध्ये म्हणाला, "मॅडम, तुम्ही चार्ट रंगवा." ते तिला फार लागलं होतं.

"तडा शे, माले दिखस," प्रशील सकाळी कुजबुजला होता. "पन तूच सांग. मना तो बठ्ठासमोर कचरा करी."

"सगळ्यांसमोर माझा नाही करणार?" ती म्हणाली, आणि विषय तिथंच राहिला.

सरांनी टेबलावर एक पेटी ठेवली होती. मनातलं लिहा, नाव नको. दुपारी चाचणीआधी भूषणनं ती उघडली. आत एकच चिठ्ठी. ती मुठीतच धरून त्यानं वाचली, "पात्याला तडा आहे. मशीन चालवू नका."

मिसबाहला हायसं वाटलं. लिहिलं बाबा प्रशीलनं एकदाचं! पण प्रशील तिच्याकडेच कौतुकानं बघत होता.

"कुणाला पटतं हे?" भूषणनं विचारलं.

दोघांच्या माना खाली.

"तडा कुणी बघितलाय?"

पंखा गरगरत होता, तरी भूषणच्या कपाळावर घाम होता. रागानं असेल, मिसबाहला वाटलं.

"एकानं जरी हो म्हटलं, तरी बंद ठेवतो."

हा सापळा आहे, हे तिनं ओळखलं. हो म्हणायचं आणि जन्मभर ऐकून घ्यायचं. ती समोरचा चार्ट उगाच गुंडाळत राहिली.

भूषणनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग त्यानं बटण दाबलं आणि खोड स्वतःच आत सारलं.

पातं सुटलं ते थेट त्याच्या मानेत घुसलं.

रिक्षात मिसबाहनं त्याचा डावा हात धरून ठेवला होता. सिव्हिलच्या दारात तो सैल पडला आणि मूठ उघडली. तिनं चुरगळलेली चिठ्ठी सरळ केली.

शाई हिरवी होती.