चौदा फुटी गुढी

पाडव्याच्या आदल्या दिवशी यशश्री आजोबांच्या उशीवर, त्यांच्या डोक्याला डोकं लावून पडली होती. महिपतराव वर्षभर अंथरुणाला खिळलेले. डोळ्याशी कोनमापक धरून पोरगी खिडकीच्या खालच्या काठाकडे काय बघतेय, ते विनिताला कळेना.

“काय चाललंय गं?”

“काटकोन त्रिकोण, मम्मी. कोन कळला, अंगणाच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं. अब बस ऊँचाई निकालनी है.” थोड्या वेळाने म्हणाली, “पपांना सांग, यंदा गुढीला चौदा फुटी बांबू आणा.”

“एवढा कशाला? दरसाल आठ फुटी पुरतो की!”

यशश्रीने हसत कोनमापक दप्तरात टाकलं.

सकाळी अंगणात भिंतीला लागून गुढी उभी राहिली. शेजारीण म्हणाली, “भाभी, इस बार इतनी ऊँची?”

तेवढ्यात खिडकीतून महिपतरावांचा खणखणीत आवाज आला, “सूनबाई, कलश डावीकडे कललाय!”