तोंडाशी बांधलेली लोंबी

संतोषला शाबासकी मिळाली. पण ते सध्या विसरा, झालंच नाही असं धरा. कारण २००३ सालच्या त्या दुपारी नाशिकच्या बियाणे-नोंद ऑफिसात भाताचा फोटो स्पीकरमधून किंचाळत होता.

प्रत्येक वाणाची एकच फाइल करायची होती. आत दाण्याचा फोटो, वजनाचे आकडे आणि ते वाण जपणाऱ्या बाईचा आवाज. संतोषने तिन्ही एकापुढे एक चिकटवले. फोटो कुठे संपतो नि आवाज कुठे सुरू होतो, हे कॉम्प्युटरला कळेना. तो फोटो वाजवायचा आणि आवाज दाखवायचा.

बियाणं द्यायला सुरगाण्याहून आलेली त्याची आई लंकाबाई स्क्रीनवरच्या करड्या मुंग्यांकडे बघत होती.

"हे काय रे?"

"तुझा आवाज."

"बरा दिसतो," ती म्हणाली.

रंगनाथ साहेबांना हसू आलं नाही. "पाचपर्यंत जमव. नाहीतर फक्त आकडे ठेवू, आवाज पुसून टाक."

आवाज चाळीस म्हाताऱ्यांचे होते. त्यांतल्या सहा जणी आता फक्त या कॉम्प्युटरातच उरल्या होत्या.

"तोंडाशी काय बांधलंस?" लंकाबाईने विचारलं.

"कशाच्या?"

"तुझ्या त्या फाइलीच्या. लय शिकला, नि एवढं कळत नाय?"

तिने आपलं गाठोडं पुढे ओढलं. तोंडाशी दोरी होती. दोरीला भाताची लोंबी, पुढे तीन गाठी. मग नागलीचं, म्हणजे नाचणीचं कणीस, पुढे दोन गाठी. म्हणजे वरच्या तीन पुरचुंड्या भाताच्या, खालच्या दोन नागलीच्या. गाठोडं न सोडता कळतं.

संतोषने प्रत्येक फाइलीच्या तोंडाशीच लिहिलं : आधी फोटो, एवढा, मग आकडे, एवढे, मग आवाज, एवढा. पावणेपाचला फोटो गप्प राहून दिसला. आणि त्या सहा जणींतली, मेलेली चिमणाबाई खणखणीत म्हणाली, "रोप दाट टाकू नको, बाय."

"हे फॉरमॅट कुठल्या पुस्तकातलं?" साहेबांनी विचारलं.

"घरचं आहे, सर."

शाबासकी मिळाली ती इथे. चुकीच्या माणसाला मिळाली, म्हणून संतोषने लगोलग वरच्या ऑफिसला अर्ज लिहिला आणि खाली आईचा अंगठा घेतला :

"सदर फॉरमॅटच्या निर्मात्या श्रीमती लंकाबाई पुंजा भोये यांस, शिक्षणाची अट शिथिल करून, मुख्य संगणक अभियंता या पदावर नेमण्यात यावे, व भातलावणीचे दोन महिने भरपगारी रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती."